डोक्याला टॉवेल, पायाला गोचीड

सोलापूरकर घराबाहेर पडतो तो उन्हाशी वैर धरूनच. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो अशा गावात हे शहाणपणच म्हणायचं. डोक्याला टॉवेल, त्यावर टोपी, जुन्या पिढीतला असेल तर खिशात कांदा. कमरेच्या वर बंदोबस्त चोख असतो, कमरेखाली मात्र सगळा रामभरोसे कारभार. आणि नान्नजच्या माळावरचा शत्रू येतो तो नेमका खालून.

नान्नज म्हणजे सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटर. माळढोकासाठी १९७९ साली इथलं अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा कागदावर त्याचा पसारा तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होता. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. माणसाला विहीर खोदायची तरी पक्ष्याची आठवण काढावी लागे. पुढे हद्द आवळून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. पक्षी मात्र हद्दीच्याही पुढे आवळत गेला. आज देशभरात मिळून दीडशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत, आणि नान्नजला एखादा दिसला तर दिसला. काळवीट दिसतं, नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड. गोचिडीसाठी मात्र नशीब लागत नाही.

पितृपक्ष उलटल्यावर, पाऊस नुकताच उघडलेला असताना, सोलापुरातले एक मामा, मामी आणि पुण्याहून आलेला भाचा अशी तिघं या माळावर निघाली. भाच्यानं फिकट रंगाची पूर्ण पँट घातली होती आणि तिचे पायचे मोज्यांत खोचले होते. मामांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"फुटबॉल खेळायला चाललास का बे?"

मामा स्वतः थ्री-फोर्थ, सँडल आणि मंडळाचा काळा टी-शर्ट अशा वेशात होते. गोचिडीच्या दृष्टीनं पाहिलं तर हे साग्रसंगीत आमंत्रणच होतं. पोटऱ्या उघड्या, सँडलच्या पट्ट्यांत लपायला जागा, आणि काळ्या कापडावर चढणारा तिळाएवढा जीव कुणाच्या बापाला दिसणार नाही.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही आणि झाडावरून टपकतही नाही. मानेवर सापडली की लोक बाभळीकडे संशयानं पाहतात, पण ती बहुतेक वेळा पायावरून चढत चढत तिथं पोचलेली असते. मोठीला पाय आठ, म्हणजे नातं कोळी-विंचवांशी. अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच. गवताच्या काडीवर चढायचं, मागच्या पायांनी काडी धरायची आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून एसटीला हात दाखवणाऱ्या प्रवाशासारखं थांबायचं, हा तिचा धंदा. त्याच पुढच्या पायांत श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब टिपणारी इंद्रियं असतात. मेंढी येवो, काळवीट येवो की सोलापूरचे मामा येवोत, गाडी कोणतीही चालते. काही जाती तर थांबायचीही तसदी घेत नाहीत. जनावराची चाहूल लागली की जमिनीवरून त्याच्या मागे धावत सुटतात.

वनखात्याच्या रखवालदारानं पायवाट सोडू नका म्हणून बजावलं होतं. मामांनी ती दोनदा सोडली. एकदा काळविटाच्या फोटोसाठी आणि एकदा ज्याचा फोटो काढत नाहीत अशा कामासाठी.

मधल्या काळात भाच्यानं डीट असलेला स्प्रे काढला. अंगावरच्या उघड्या कातडीला लावायच्या औषधांत हे जुनं आणि भरवशाचं. ऊन असेल तर आधी सनस्क्रीन, मग हे. कपड्यांच्या आतल्या कातडीला नाही, डोळ्यांजवळ नाही. घरातली डासांची ट्यूब चालेल का, असं मामींनी विचारलं. डासांपुरती चालेल, गोचिडीसाठी तिच्यावर भिस्त नको. आपल्या सैनिकांसाठी संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेनं डेपा नावाचं असंच एक औषध तयार केलं आहे. कपड्यांना आणि बुटांना लावायचं परमेथ्रिन वेगळं. ते कातडीला लावत नाहीत, कापडावर मारून पूर्ण वाळल्यावरच घालतात. मामांनी एवढं व्याख्यान ऐकून स्प्रे तळहातावर भरपूर घेतला आणि त्याच हातानं गॉगल नीट केला. डीट काही प्रकारचं प्लास्टिक विरघळवतं, ही माहिती भाचा देत होता तोवर गॉगलच्या काडीवर मामांचा अंगठा उमटलेला होता.

जेवायला बाभळीची सावली सापडली. मामींनी मोराची नक्षी असलेली चादर अंथरली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, वजन आहे, नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते. पण गोचिडीला अडवायचा गुण तिच्यात नाही. लांबून एक मेंढपाळ ओरडला, "तिथं बसू नगा सायेब! दुपारी मेंढरं बसत्यात तिथं."

शंभर पुस्तकांचं सार त्या वाक्यात होतं. पोट भरलेली गोचीड जनावरावरून गळून पडते ती बरेचदा जनावर जिथं विसावतं तिथंच, आणि तिथंच हजारोंनी अंडी घालते. माळावर माणसाला आवडणारी सावली आणि मेंढीला आवडणारी सावली एकच असते. चादर उचलून उघड्या खडकावर गेली. भाकरी उन्हात खाल्ली गेली. टॉवेल तेवढ्यापुरता कामी आला.

भाच्याच्या व्यवस्थेतही एक खोट निघाली. गोचीड अडली, पण लोकरी मोज्यांत कुसळं शेकड्यांनी घुसली आणि दर पन्नास पावलांना पुणेकर एका पायावर उभा राहू लागला. सह्याद्रीत भटकणारे लोक जळवांसाठी दाट विणीच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे घालतात. माळावर तेच चांगले, कारण त्यांत ना कुसळ रुतते ना गोचीड. इतके माग असलेल्या शहरात असे मोजे कुणी विणायला घेत नाही, हे मात्र नवल आहे.

परतताना चहाच्या टपरीवर मामांना गुडघ्यामागे काहीतरी लागलं. दुखत नव्हतं, कारण चावताना गोचीड लाळेतून तो भाग बधिर करते आणि रक्त गोठू देत नाही. मग औषधोपचारांचा लिलाव सुरू झाला. एकानं रॉकेल सुचवलं, दुसऱ्यानं चुना, तिसऱ्यानं पेटती विडीच पुढे केली. हे तिन्ही उपाय वाईट. चिडवली की ती पोटातलं आणि लाळेतलं उलट आपल्याच अंगात सोडण्याचा धोका असतो. अखेर मामींच्या पर्समधून भुवयांचा प्लकर निघाला. कातडीला अगदी टेकवून गोचिडीला तोंडाशी पकडलं, न पिळता, न हिसकता, सरळ वर ओढलं. आली. जागा साबणानं धुतली. मामांनी "हाय" म्हटलं ते चहा गार झाला म्हणून.

माळावरचे बहुतेक चावे खाजेवरच मिटतात. पण हसण्यावारी न्यावं असंही नाही. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माकडताप गोचिडीनं येतो हे कळलं. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्गात दोडामार्गकडे पसरला. तो सह्याद्रीच्या ओल्या जंगलाचा रोग. जनावरांवरच्या गोचिडीतून येणारा काँगो ताप २०११ साली गुजरातेत आढळला, आणि पुण्याच्या विषाणू संस्थेनं तो ओळखला. स्क्रब टायफसचा किडा तर गोचिडीहून बारीक. चाव्याच्या जागी कित्येकदा काळी खपली धरते. म्हणून माळावरून आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आधी "गवतात गेलो होतो" हे सांगायचं. डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असं नाही.

घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात गेले आणि मामा न्हाणीघरात. कानामागे, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, जांघेत नीट बघा, असं भाचा दाराबाहेरून ओरडत होता आणि शेजारचे ऐकत होते. आणखी एक सापडली, पण ती अजून चावायची होती.

टपरीवर काढलेली गोचीड भाच्यानं होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत घालून आणली होती. ताप आलाच तर दाखवायला बरी. बाटलीवर त्यानं तारीख लिहिली आणि ती फडताळात शेंगाचटणीच्या बरणीशेजारी ठेवली. मामींनी बरणी उचलून बाटली मामांच्या उशाशी नेऊन ठेवली.