गोंदियाकराने परदेशात भात कसा खावा

परदेशी शिकायला निघालेल्याला सल्ले देणारे पैशाला पासरी भेटतात. व्हिसा कसा काढावा, थंडीचा कोट कुठून घ्यावा, प्राध्यापकाला ईमेल कसा लिहावा, सगळं सांगतात. पण आमगाव, सालेकसा, अर्जुनी मोरगाव इकडून गेलेल्या आणि जन्मभर दोन्ही वेळ भात खाल्लेल्या पोराने तिथे काय करावं, यावर कोणी अवाक्षर काढत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत लेखकाने जर्मनीतल्या केमनिट्झ शहरी दोन वर्षं राहून पुढील नियम स्वतःच्या पोटावर तपासले आहेत.

सुरुवात हिशोबापासून करावी. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात. हा आकडा बाबांना युरोत सांगू नये, त्यांना कळत नाही. रुपयांत सांगू नये, कळतो. धानात सांगावा. युरो शंभर रुपयांचा धरला आणि साध्या धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, म्हणजे झाले पाचशे क्विंटल. आमच्या बाबांनी खांद्यावरचा गमछा काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला आणि विचारलं, "एका वर्षात तू एकटाच एवढं खाशीन?"

पैसा शेवटी उसना आला. (आमच्या भागात उसना म्हणजे धान उकडून काढलेला तांदूळ, इथे उर्वरित महाराष्ट्राचा अर्थ घ्यावा.)

धानात मोजायची सवय लागली की मात्र सुटत नाही. स्टेशनसमोर सात युरोचा ड्योनर खाताना आपण एका बैठकीत तीस किलो धान संपवतोय हे ध्यानात येतं आणि घास अडकतो. गिळावा.

आता सामान. बॅगेत २३ किलो नेता येतं. त्यात माय पंधरा किलो तांदूळ, जवसाची चटणी आणि तूप भरेल. युरोपात बाहेरून दूधदुभतं नेता येत नाही, म्हणून तूप काढून ठेवावं. ती परत भरेल, परत काढावं. विमानाच्या आदल्या रात्री हा सामना नागपूरला मावशीच्या घरी निकाली निघतो आणि तूप मावशीला मिळतं.

तांदूळ कोणता न्यावा, यावर घरात दोन तट पडतात. आजी चिन्नोरच्या बाजूची. या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन आहे, एक बालाघाटच्या नावाने आणि एक भंडाऱ्याच्या. गोंदिया दोहोंच्या मधोमध, १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होतं, आणि नावात कुठेच नाही. हे दुःख विमानात नेऊ नये, वजन वाढतं. मी एचएमटी नेला. त्याची गोष्ट परदेशी मित्रांना फार आवडते: चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या गावी, दादाजी खोब्रागडे या लहान शेतकऱ्याने आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून हे वाण काढलं आणि त्याला मनगटी घड्याळाचं नाव दिलं. घड्याळ बंद पडलं, तांदूळ चालू आहे.

"गोंदिया कुठे?" हा प्रश्न जर्मन माणूस विचारत नाही, पुण्याची मुलं विचारतात. उत्तरादाखल महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगावी. गोंदियाहून कोल्हापूरला जाते, दिवस उलटतो, तरी राज्य बदलत नाही. जर्मनी सरळ रेषेत उत्तरेकडून दक्षिणेकडे नऊशे किलोमीटरही भरत नाही. यानंतर पुणेकर "नागपूरजवळ ना?" म्हणतो. हो म्हणून मोकळं व्हावं.

पंधरा किलो तिसऱ्या महिन्यात संपतात, बहुधा रविवारी, जेव्हा तिथली दुकानं बंद असतात. सोमवारी दुकानात तांदूळ शोधताना गोल, बुटका, स्वस्त दाणा दिसेल. उचलू नये. तो मिल्शराइस, दुधात शिजवून साखर घालायचा. साध्या पाण्यात त्याची पेज होते. मी ती चार दिवस खाल्ली.

शेजारच्या खोलीतल्या जर्मन मुलाला दया आली आणि त्याने मला त्यांचा भात दाखवला. खोक्यातून भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पुड्या निघाल्या, प्रत्येकीत १२५ ग्रॅम तांदूळ. एक पुडी उकळत्या पाण्यात सोडली, मोबाइलवर दहा मिनिटं लावली आणि तो बाहेर निघून गेला. मी गॅसपाशी उभा. आमच्याकडे गंजात आधण येतं, तांदूळ वैरतात, शीत बोटांत दाबून बघतात, मग फडक्याने धरून पसवतात; मांड वाटीत घेऊन मीठ टाकून पितात. इथे मोबाइल वाजला म्हणून भात शिजला. त्याने काट्याने पुडी उचलली, बेसिनवर निथळवली, कात्रीने कापली. पुडीत दोन माणसं जेवतात, असं खोक्यावर छापलं होतं. आमच्याकडे एवढा कावळ्याला ठेवतात.

पुडी पत्करावी, पण वरणाला फोडणी देण्याआधी खिडकी उघडावी. लाल मिरची आणि छतावरचा धुराचा भोंगा यांचं जुनं वैर आहे. पहिल्या फोडणीला तिसऱ्या मजल्यावरची मंडळी चपला न घालता अंगणात उभी होती, डिसेंबरात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वरणभात खाऊ घालावा. मी घातला; तेव्हापासून खिडकी तेच उघडतात.

फोनचं थोडक्यात. घड्याळातलं अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. माय दोन्ही ऋतूंत आपल्याच घड्याळाने फोन करते. "भात खाल्ला का?" असं विचारते. हो म्हणावं. पुडीचं सांगू नये.

मी सुट्टीत घरी येताना एक खोकं घेऊन आलो, हीच चूक झाली. बाबांनी पुडी हलवून पाहिली, फोडली, दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली तोडला.

"उसना हाये बापू हा," ते म्हणाले. "आपल्या मिलात रोज निघते."

मायने ती रिकामी, भोकाभोकांची पुडी उजेडात धरली. "अन् मांड कुठी जाते?"

"बेसिनमध्ये."

ती काही बोलली नाही. चुलीवरचा गंज पसवला आणि मांडाची वाटी माझ्यापुढे सरकवली.