आपोआप दुरुस्तीची तयारी सुरू आहे

बटण दाबलं की पंखा घरघरतो, कंपनीचं चिन्ह येतं, खाली ठिपके गोल फिरतात, पडदा काळा होतो आणि पुन्हा कंपनीचं चिन्ह. मधेच एक पाटी झळकते : आपोआप दुरुस्तीची तयारी सुरू आहे. मराठवाड्याच्या माणसाला ही पाटी नवी वाटायचं कारण नाही. तयारी सुरू असण्याची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. लातूरच्या गंजगोलाईत गोल फिरणाऱ्याला निदान सोळा रस्ते बाहेर काढतात. घरच्या संगणकाला असं वेड लागलं की त्याला एकही सापडत नाही.

मग सल्ले येतात. मेहुणा पुण्याहून फोनवर सांगतो, "बंद करून चालू करा की." अहो, सकाळपासून ते बिचारं दुसरं काय करतंय? शेवटी सीपीयूचा डबा दुचाकीवर दोघांच्या मधे धरून दुकानात न्यायचा आणि सांगायचं, "चालू होऊलालंय अन् आपोआप बंद पडूलालंय." काउंटरवरचं पोरगं डब्याकडे न बघता निकाल देतं, "विंडोज उडालंय काका. फॉरमॅट मारावा लागतो."

फॉरमॅट मारावा लागतो! नांदेड असो की लातूर, संगणकाच्या दुनियेत एवढा सर्वमान्य निकाल दुसरा नाही. आवाज येत नाही? फॉरमॅट. प्रिंटर रुसला? फॉरमॅट. यात कारण शोधायची कटकट नसते, हेच त्याचं मोठेपण. डबा संध्याकाळी परत मिळतो, त्यात चोरीचं नवं विंडोज असतं, अपडेट बंद करून ठेवलेले असतात, पोरीच्या नीट परीक्षेच्या नोट्स आणि आजोबांच्या एकसष्टीचे फोटो स्वर्गवासी झालेले असतात. आणि चार दिवसांनी, दुपारी दोनच्या उन्हात, यंत्र पुन्हा गोल फिरू लागतं.

कारण विंडोज उडालेलंच नव्हतं. हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहायचं (काही कंपन्यांची कळ वेगळी असते), म्हणजे बायोसचा साधा पडदा उघडतो. तिथे विंडोजचा संबंधच येत नाही. यंत्राला तिथेच अर्धा तास बसवून ठेवा. तिथेही ते बंद पडून चालू झालं, तर दोष लोखंडात, म्हणजे हार्डवेअरमध्ये आहे. शंभर वेळा फॉरमॅट मारला तरी तो जायचा नाही. तिथे शहाण्यासारखं बसलं, तर विंडोज, एखादा ड्रायव्हर किंवा हार्ड डिस्क यांच्यावर संशय घ्यायचा. फुकटातली ही तपासणी दुकानात फारशी कुणी करत नाही. फुकटातली आहे म्हणून असेल.

लोखंडातला दोष म्हटलं की आपल्याकडे आधी विजेकडे बघावं. डब्यातला एसएमपीएस भिंतीतल्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. यातल्या १२ ला वर-खाली पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ पर्यंत चालतं. वीज नीट आहे की नाही हे एसएमपीएस एका तारेतून मदरबोर्डला सतत कळवत असतो. दाब घसरला की तो हात वर करतो आणि बोर्ड सगळं थांबवून पहिल्यापासून सुरुवात करतो. ज्या गल्लीत एकाच्या बोअरची मोटर लागली की पाच घरांचे दिवे मान टाकतात, तिथला एसएमपीएस वर्षानुवर्षं कशाला तोंड देत असेल, याची कल्पना करा. आतले कपॅसिटर फुगतात, माथ्यावर टेंगूळ येतं. ते डोळ्यांना दिसतं, पण त्यासाठी झाकण उघडावं लागतं.

भारनियमनाच्या वर्षांनी आपल्याला घरोघरी इन्व्हर्टर दिला, आणि त्याच्या पाठीमागे असलेलं छोटं बटण कुणीच कधी पाहिलं नाही. एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर यायला त्याला याहून जास्त वेळ लागू शकतो. पंख्याला ते कळतही नाही, ट्यूब एकदा डोळा मिचकावते, संगणक मात्र मूर्च्छित पडून पुन्हा उठतो. वीज दिवसातून दहादा आली-गेली की घरचे म्हणतात, व्हायरस आलाय. बटण यूपीएसवर सरकवायला पैसे लागत नाहीत. व्हायरस काढायला लागतात.

रॅमचं सांगायला हवंच. डबा बंद करून, वायर काढून रॅमची पट्टी उपसायची, तिचे सोनेरी दात कंपासपेटीतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसायचे, टक आवाज येईपर्यंत परत बसवायची. सोन्याचा मुलामा पातळ असतो म्हणून शहाणे लोक याला नाकं मुरडतात. पण आपल्या धुळीत हा उपाय इतक्यांदा लागू पडतो की नटराजवाल्यांनी त्याची जाहिरात करायला हरकत नाही. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल तर यंत्र थंडीत चालतं आणि एप्रिल-मेमध्ये पडतं. नांदेडचा उन्हाळा काढलेल्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आता खऱ्या लबाडीकडे येऊ. विंडोज कोसळलं की पडद्यावर निळी पाटी येते. तिच्यावर कारणाचा सांकेतिक शब्द असतो, कधी दोषी फाइलचं नावही. पण विंडोज एक्सपीच्या काळापासून मायक्रोसॉफ्टने एक खूण आधीच करून ठेवली आहे : बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू करा. म्हणजे यंत्र कारण सांगतं आणि तुम्ही वाचायच्या आत पळून जातं. २०१५ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडलं, तेव्हा शेंबड्या पोरालाही कारण माहीत होतं. हजारो वर्षं गोदावरीकाठी माणसं राहतात, त्यांना वाईट बातमी सोसते. ती लपवायचं काम नव्हतं. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या निळ्या पाटीचा रंग निळ्याचा काळा करायचं ठरवलं. रंग बदलला, खूण तशीच.

ही खूण निदान तेवढ्यापुरती काढता येते. सुरू होतानाच तीनेकदा बटण दाबून धरून यंत्र बंद केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, मग प्रगत पर्याय, मग स्टार्टअप सेटिंग. यादीत ४ दाबलं की सेफ मोड, ९ दाबलं की त्या वेळेपुरतं हे आपोआप पळणं बंद. प्रगत पर्यायांतच अलीकडचा अपडेट काढून टाकायचीही सोय आहे. पळणं थांबवायचा पर्याय नवव्या क्रमांकावर ठेवलाय हे लक्षात घ्या. सत्य आपल्याकडेही यादीत साधारण तिथेच असतं.

हे फक्त गरिबांच्या डब्यांना होतं असं कुणी समजू नये. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला. एक्सपी इंटरनेटला जोडलं की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि यंत्र बंद. उपाय इंटरनेटवरून उतरवायचा, आणि इंटरनेटला जोडलं की मोजणी! मोजणी थांबवणारी एक ओळीची आज्ञा ज्याला पाठ होती, तो त्या महिन्यात देवमाणूस ठरला.

आणि १९ जुलै २०२४. आषाढी होऊन दोन दिवस झालेले. सकाळी पावणेदहाच्या आत क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभर एक फाइल धाडली, आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख यंत्रं निळी पडून गोल फिरू लागली. इंडिगोने दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द केली, विमानतळांवर बोर्डिंग पास पेनने लिहून दिले गेले. मायक्रोसॉफ्टने त्यांच्या क्लाउडवरच्या ग्राहकांना काय सल्ला दिला असेल? बंद करून चालू करा, कदाचित पंधरा वेळा करावं लागेल! आमच्या मेहुण्याचा सल्ला एकदाचाच असतो. नांदेड-लातूरच्या घरगुती डब्यांना त्या दिवशी काही झालं नाही, कारण ते महागडं संरक्षण आमच्याकडे नव्हतंच.

पण क्राउडस्ट्राइकने ऑगस्टमध्ये कारण लिहून जाहीर केलं : एकवीस रकान्यांची अपेक्षा होती, माहिती वीसचीच आली, एकविसावा वाचायला गेलेला प्रोग्राम नको तिथे जाऊन पडला. लाज वाटावी असं कारण आहे, पण कागदावर आहे.

हल्ली दुकानात नवी सबब निघाली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, म्हणून मशीन पडतंय, नवीन घ्या. आधार संपला म्हणजे नवे सुरक्षा अपडेट थांबले. त्याने यंत्र गोल फिरत नाही.

तेव्हा वाचकहो, डबा दुकानात न्याल तेव्हा तीन गोष्टी करा. पाटीचा फोटो मोबाइलवर काढून न्या. हार्ड डिस्कमधलं सामान दुसरीकडे उतरवल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नका. आणि पैसे देताना बिलावर नेमकं काय बिघडलं होतं ते लिहून मागा. लिहून देत नसेल, तर दुकान बदला.