शांततेत पहिला नंबर

ऑफिसात ताणमुक्तीचं अ‍ॅप आलं, त्यासोबत मेलही आला: पहिला टप्पा शुक्रवारपर्यंत पूर्ण करावा, न केल्यास मॅनेजरला कळवण्यात येईल. मी गुरुवारीच केला. शाळेत कधी पहिल्या दहांत आलो नाही. आता पन्नाशीत सगळ्या विभागातला सर्वांत शांत माणूस म्हणून यादीत वर झळकायची संधी कोण सोडेल? सलग एकेचाळीस दिवस मी पहिला होतो. अकाउंट्समधला एक पोरगा दोन-चार गुणांनी मागे असायचा. तो माझ्याहून शांत होईल या धास्तीने मी पहाटे साडेपाचला उठून श्वास मोजायचो. "अहो, आधी गॅस बंद करा, मग शांत व्हा," असं बायको म्हणाली की तिच्यावर ओरडून पुन्हा एकपासून सुरुवात.

अ‍ॅपमधल्या बाई मंजुळ आवाजात सांगायच्या, "डोळे मिटा. तुम्ही एका थंडगार गुहेत बसला आहात." जोगेश्वरीकराला गुहा मनात आणायला सांगायची? आमच्याकडे सहाव्या शतकातली खरीखुरी आहे! बावीस वर्षं पूर्वेला राहतोय, पण गुंफेत शेवटचा गेलो तो नागपूरचे पाहुणे आले तेव्हा. एका रविवारी जादा गुणांच्या आशेने गेलो. पायऱ्या उतरून आत शिरलं की खांबांची रांग आणि गाभाऱ्यात शिवलिंग. वरच्या वस्तीतून कुकरच्या शिट्ट्या. एका खांबाला टेकलो, मोबाइल लावला. तेवढ्यात चेंडू आला, चेंडूमागे चार पोरं.

"तुम्ही अगदी एकटे आहात," बाई म्हणाल्या.

"नाय, आम्ही पण आहोत ना," त्यातलं सर्वांत धाकटं म्हणालं.

या लेण्यांचा संबंध अभ्यासक पाशुपत साधूंशी जोडतात. त्यांची ताणमुक्ती मला जाम आवडली. साधना एका टप्प्याला आली की पाशुपताने लोकांत जाऊन मुद्दाम वेड्यासारखं वागायचं: जागं असून घोरायचं, थरथरायचं, लंगडत चालायचं. लोकांनी हिणवलं की त्यांचं पुण्य साधूकडे आणि साधूचं पाप त्यांच्याकडे! केवढा चोख हिशेब. मी अठ्ठावीस वर्षं नोकरीत अपमान गिळतोय. एव्हाना निम्म्या ऑफिसचं पुण्य माझ्या खात्यात जमा असायला हवं. अप्रेझलला एकदा लंगडत जाऊन बघायचा विचार होता, पण गुडघा खरंच दुखायला लागल्यामुळे त्याला साधना म्हणवेना.

अ‍ॅपच्या ताणमुक्तीचं म्हणाल, तर ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली होती. अशी अ‍ॅपं आणि शिबिरं करणारे न करणाऱ्यांपेक्षा बरे आहेत, असं काही त्यांना दिसलं नाही. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या अ‍ॅपने विचारलं होतं, ताणाचं कारण निवडा: झोप, आहार, नकारात्मक विचार, कुटुंब. माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मार्चमध्ये निवृत्त झाले. जागा भरलीच नाही, त्यांच्या फायली माझ्याकडे सरकल्या, आणि रात्री पावणेअकराला मेसेज येतो, "उद्या सकाळी लागेल." अ‍ॅपमध्ये याचा पर्यायच नव्हता. म्हणजे दोष झोपेचा, नाहीतर बायकोचा. मी चिडून 'आहार'वर बोट टेकवलं. दुसऱ्या दिवसापासून नाचणीच्या पाककृती यायला लागल्या.

बेचाळिसाव्या दिवशी लोअर परळहून बोरिवली स्लो पकडली. वांद्र्याला चौथी सीट मिळाली, म्हणजे निम्मी मिळाली. सराव उरकून घ्यावा म्हणून इअरफोन लावले आणि चार श्वासही झाले नसतील.

"काका, अंधेरी आलं. उठा, दरवाजाकडे सरका."

माझं डोकं शेजारच्या मुलाच्या खांद्यावर होतं. त्याच्या शर्टावर माझ्या लाळेचा रुपयाएवढा ओला डाग.

"मी जोगेश्वरीला उतरतो हे तुला..."

"रोज बघतो की." मी रुमाल काढला, तर म्हणाला, "राहू द्या, बोरिवलीपर्यंत वाळेल. घोरत मात्र जोरात होता."

एवढंच. हिणवलं नाही, कोपरही मारलं नाही. पाशुपतांच्या हिशेबात हे कुठे लिहायचं कोण जाणे. जोगेश्वरीच्या पुलावर फोन थरथरला: आजचा सराव अपूर्ण, सलग दिवस शून्य. पहिल्या नंबरवर अकाउंट्सचा पोरगा होता.