समुद्राचं टेंडर

कोयलीला समुद्र नाही. कोयलीला रिफायनरी आहे. रात्री गच्चीवर गेलं की फ्लेअरची ज्योत दिसते. नवखा पाहुणा ती बघून दचकतो, आणि आम्ही त्याला सांगतो, "अहो, ती जळतेय म्हणजे सगळं ठीक आहे." १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंनी इथे कोनशिला बसवली, रशियन तंत्रज्ञ आले आणि १९६५ च्या ऑक्टोबरात पहिलं युनिट सुरू झालं. सुरुवातीला तेल घरचंच, अंकलेश्वरचं. पुढे परदेशी तेल बोटींनी कच्छच्या आखातात उतरायला लागलं आणि विरमगामवरून पाइपलाइनने कोयलीला यायला लागलं. म्हणजे सात समुद्र ओलांडून आलेल्या तेलासाठी मी नोकरीभर नट-बोल्ट, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट खरेदी केले. समुद्र तेवढा पाइपातून कधी आला नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कॅनडातून मुलाचा फोन आला.

"बाबा, यंदा तुमच्या लग्नाला ३५ वर्षं होतायत. तुम्ही दोघांनी बीच रिसॉर्टला जायचं. पैसे मी देणार. ठिकाण फक्त तुम्ही ठरवा."

'फक्त' हा शब्द त्याने ज्या सहजपणे उच्चारला, त्यावरून त्याचं लग्न नवीन आहे हे लक्षात यावं.

मी मटेरियल्स विभागातून निवृत्त झालो. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी हयातीत झाडूसुद्धा घेतलेला नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून पांढरी कार्डशीट आणली, मुलाच्या शाळेतली स्केचपेनं माळ्यावरून काढली (दोन अजून चालत होती) आणि सहा रकाने आखले : दमण, दीव, तीथल, गणपतीपुळे, तारकर्ली, शिवराजपूर. डाव्या बाजूला निकष. आधी टेक्निकल बिड, मग कमर्शियल. जो सगळ्यांत स्वस्त तो एल-वन.

"गोवा नाही?" बायकोने विचारलं.

"गोव्याला सगळेच जातात."

"म्हणून आपण गेलो नाही का?" ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मी गोव्याचा रकाना काढला नाही, पण त्या जागेकडे पुढे दोन दिवस मला बघवलं नाही.

पहिली अडचण दमण आणि दीवची. गुजरातेत दारूबंदी, हे दोन्ही प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यातून १९६१ च्या डिसेंबरात सुटले आणि गुजरातेत कधी सामील झाले नाहीत, त्यामुळे तिथे ती नाही. परिणाम असा, की कोयलीत कुणी 'दीवला चाललोय' म्हणालं की ऐकणाऱ्याचा एक डोळा आपोआप मिटतो. शेजारच्या मोटाभाईंना मी नागवा बीचचं वर्णन सांगत होतो. तिथली होकाची झाडं ताडाच्या जातीची, पण ताडाला फांद्या नसतात आणि होकाला फुटतात. शिवाय १५३५ सालचा पोर्तुगीज किल्ला आहे. ते सगळं ऐकून घेऊन मोटाभाई म्हणाले, "बरोबर, बरोबर. किल्लो तो जोवोज पडे." आणि डोळा मिटला. ॲसिडिटीमुळे मी कोकमसुद्धा बेताने पितो, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. रिमार्कच्या रकान्यात मी लिहिलं : 'चारित्र्याचा प्रश्न.'

तीथल वलसाडजवळ. गाडीने सकाळी निघून जेवायला पोचावं इतकं सोयीचं, आणि तीच त्याची अडचण. वाळू काळी. किनाऱ्यावर साईबाबांचं देऊळ, स्वामिनारायणाचं देऊळ. दांडिया बाजारातली मेव्हणी फोनवर म्हणाली, "तीथलला काय जाताय? तिथे आम्ही भिशीच्या बायका जातो." तीथल बाद.

मग कोकण. आमचं घराणं मूळ रत्नागिरीकडचं. पणजोबा गायकवाडांच्या चाकरीला बडोद्यात आले आणि इथलेच झाले. चार पिढ्या आम्ही 'आमचं गाव कोकणात' म्हणतोय आणि चार पिढ्यांत तिकडे कुणी गेलेलं नाही. ओख्याहून एर्नाकुळमला जाणारी गाडी बडोद्याहून कोकणात उतरते, गणपतीपुळ्याला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, सगळं जमण्यासारखं. पण मी चुकून थोरल्या काकांच्या कानावर घातलं. ते ८८ वर्षांचे. म्हणाले, "कोकणात जातोसच आहेस तर कुलदैवताला जाऊन ये. जोडीने अभिषेक कर. आणि आपल्या वाटणीच्या आठ कलमांचं काय झालं, तेही बघ." लग्नाचा वाढदिवस, अभिषेक आणि जमिनीचा वाद हे तिन्ही चार रात्रींच्या पॅकेजमध्ये बसेनात. गणपतीपुळ्यापुढे लिहिलं : 'स्थगित.' तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकवतात. बायको म्हणाली, "तुम्ही पाण्याखाली जाणार आणि मी काठावर तुमचा चष्मा धरून बसणार." तारकर्लीवर काट.

राहिलं शिवराजपूर. द्वारकेजवळचा हा किनारा. २०२० साली भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मिळाला, त्यांत हा होता. दीवचं घोघलाही होतं. त्या झेंड्यासाठी ३३ निकष पार करावे लागतात हे वाचून मला भरून आलं. जगात कुणीतरी समुद्राचंसुद्धा कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट करतं तर!

"तो सगळा ओखामंडळ," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "गायकवाडीतला. माझे आजोबा होते तिकडे कारकून. ओख्याचं बंदर झालं तेव्हा." ओखा बंदर सयाजीराव महाराजांनी १९२६ साली सुरू केलं, तेव्हा हिशेब बरोबर जुळत होता. "आमच्याकडे काचेच्या कपाटात शंखांची बरणी होती बघा."

बरणी मला आठवत होती. मुलगी बघायला गेलो तेव्हा बोलायला काही सुचेना म्हणून मी अर्धा तास त्या बरणीकडेच बघत होतो. पण भावना हा निकष आमच्या स्टेटमेंटमध्ये नव्हता. मेव्हणीचं मत, "द्वारका म्हणजे यात्रा झाली, ॲनिव्हर्सरी नव्हे," आणि गाडीत नऊ-दहा तास माझे गुडघे. मी लिहिलं : 'टेक्निकली नॉट ॲक्सेप्टेबल.'

त्यानंतर पंधरा दिवस मी रिसॉर्टांना फोन केले. त्यातून जे ज्ञान मिळालं, ते पुढच्या पिढीसाठी नोंदवून ठेवतो. 'सी-व्ह्यू' म्हणजे समुद्र दिसतो. 'सी-फेसिंग' म्हणजे इमारतीचं तोंड समुद्राकडे आहे. खोलीचं कुठे आहे हा वेगळा प्रश्न. 'पार्शल सी-व्ह्यू' हे तुमची मान किती वळते त्यावर. 'सी-टच' म्हणजे मध्ये फक्त एक रस्ता, एक पार्किंग आणि एक लग्नाचा हॉल. एकाने तर, "सर, समुद्र आहे, पण सध्या समोर काम चालू आहे," असं सांगितलं. काम समुद्राचं की इमारतीचं, हे विचारायचं राहिलं. मात्र जैन जेवण मिळेल याची खात्री सगळ्यांनी न विचारता दिली.

फार वर्षांपूर्वी एलटीसीवर आम्ही एका किनारी गावी असेच फसलो होतो. 'समुद्रदर्शन' असलेली खोली घेतली. दर्शन न्हाणीघराच्या झरोक्यातून होतं, तेही बादली पालथी घालून वर उभं राहिल्यावर. बायको बादलीवर चढली, मिनिटभर बघून उतरली आणि म्हणाली, "आहे." बस. आमच्या संसारातलं समुद्राचं एकूण वर्णन एवढंच.

वाढदिवस आठवड्यावर आला तरी निकाल लागेना. बायको "तुम्ही ठरवाल ते" म्हणायला लागली. ३५ वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हे वाक्य फ्लेअरच्या उलट : ते शांतपणे जळत असलं म्हणजे सगळं ठीक नाही.

शेवटी एका संध्याकाळी तीच म्हणाली, "अहो, टँकर खाली करण्याआधी तुम्ही लोक सँपल तपासता ना? मग आधी समुद्राचं सँपल तरी बघून येऊ. कावी-कंबोई इथून दीड-दोन तासांवर आहे."

हे मला सुचायला हवं होतं.

पौर्णिमेच्या दिवशी निघालो. नाश्त्याला सेव-उसळ, बडोद्याच्या माणसाने ती खाल्ल्याशिवाय गावाची वेस ओलांडू नये. तर्री थोडी माझ्या शर्टावर, म्हणजे शास्त्र पूर्ण झालं. डिकीत थर्मास, भाखरवडी, लीलो चेवडो, सतरंजी. सतरंजी म्हणून मी उचललेली गुंडाळी प्रत्यक्षात कार्डशीटची होती, हे पुढे कळलं. पादऱ्याला रस्त्यावर वांग्यांचे आणि फ्लॉवरचे टेम्पो. बायकोने सव्वा किलो पापडी घेतली. समुद्र बघायला जाताना भाजी घेणारी माणसं फक्त आमच्याकडे निघतात. ढाढर नदी ओलांडली, जंबुसर गेलं, दोन्हीकडे काळी कपाशीची जमीन, आणि मग जमीन हळूहळू सपाट, खारट, रिकामी होत गेली.

कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. तारकासुराला मारल्यावर कार्तिकेयाने हे लिंग स्थापलं अशी कथा. मही नदी इथेच सागराला मिळते, आणि दिवसातून दोनदा भरतीचं पाणी येऊन महादेवाला पूर्ण बुडवून जातं. बडोद्याला सगळ्यांत जवळचा समुद्र तो हाच.

आम्ही पोचलो आणि समुद्र नव्हता.

खरंच नव्हता. नजर पोचेल तिथपर्यंत चिखल. गुळगुळीत, चकचकीत, करड्या रंगाचा, मधूनमधून ओघळांच्या रेघा. लांब कुठेतरी एक चमकती किनार. तो समुद्र असावा किंवा माझ्या चष्म्याचा ओरखडा. मुलाने व्हिडिओ कॉल केला. मी कॅमेरा फिरवला.

"बाबा, बीच कुठाय?"

"ओहोटी आहे. ड्यूटीवर यायचाय अजून."

खंबातचं आखात नरसाळ्यासारखं. तोंड रुंद, आत निमुळतं. भरतीचं पाणी आत शिरलं की त्याला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते चढतं. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी आणि भरती यांत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. तीन मजली इमारत समजा. आणि हा गृहस्थ एका भरतीनंतर दुसऱ्या भरतीला साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येतो, म्हणजे रोज कालच्यापेक्षा पन्नास मिनिटं उशिरा. आमच्या रिफायनरीत शिफ्टला असं कुणी आलं असतं तर तिसऱ्या दिवशी हातात मेमो पडला असता.

महादेवाचं दर्शन घेतलं. लिंगाला अजून ओल होती. मग काठावर बसायचं म्हणून मी गुंडाळी उलगडली, आणि सहा रकाने आमच्याकडे बघायला लागले.

"बरं झालं," बायको म्हणाली. "हिचा काहीतरी उपयोग झाला."

कार्डशीट दोघांना जेमतेम पुरली. मी दमण-दीववर बसलो, ती उजव्या टोकाला. मध्ये गणपतीपुळ्यावर भाखरवडीचा डबा, तारकर्लीवर थर्मास. मुलाच्या लग्नानंतर इतक्या कमी जागेत आम्ही शेजारी बसलो नव्हतो. बोलण्यासारखं फार नव्हतं. चेवडा संपला. पापडीसुद्धा निवडून झाली. ऊन कलायला लागलं तशी ती लांबची किनार जाड झाली.

भरती येते ती लाटांच्या गडगडाटात येते, असं मला वाटायचं. इथे तसं काही नाही. चिखलातल्या एका ओघळात बोटभर पाणी उलटं सरकताना दिसलं. मग शेजारच्या ओघळात. मग ओघळ दिसेनासे झाले. एक खेकडा घाईघाईने बिळात गेला. त्याला टाइमटेबल पाठ होतं. पाणी आमच्या चहाच्या रंगाचं, दूध थोडं जास्त झालेलं. बघता बघता देवळाच्या पायऱ्या गेल्या, लिंग गेलं आणि नुसते खांब पाण्यात उभे राहिले. काठावरची माणसं एकदम गप्प झाली. मग कुणीतरी "हर हर महादेव" म्हणालं, आणि मी व्हिडिओ घ्यायला उठलो.

नेमकी तेव्हाच एक लाट आली. मोठी नाही, चौकशीला आल्यासारखी. माझे बूट, डबा, थर्मास आणि रिकामी झालेली माझी जागा तिने एकदम तपासली. "अगं ऊठ!" मी ओरडलो. ती उठली नाही. पाय तेवढे लांब केले. घोट्यापर्यंत चहा. तिच्या पायांवर चिखलाची करडी जोडवी चढली आणि ती त्यांच्याकडे बघत बसली.

"आहे," ती म्हणाली. पण या वेळी बादलीवरून उतरल्यासारखं नाही.

अंधार पडायच्या आत गाडीशी आलो. मी कार्डशीट झटकली. स्केचपेनांची शाई पाण्याला जुमानत नसते, हा माझा गैरसमज होता. दमण-दीवचा निळा ओघळ झाला होता, तीथल तीथलसारखंच काळं पडलं होतं, आणि कोकणातली दोन्ही नावं एकमेकांत मिसळून थोरल्या काकांच्या आठ कलमांसारखी कुठली कुणाची ते कळेनासं झालं होतं. उजव्या टोकाचा रकाना तेवढा कोरडा, स्वच्छ, साडीच्या घडीसकट : शिवराजपूर.

"वाचता येणारी एकच पार्टी उरली," मी म्हणालो. "नियमाने टेंडर तिलाच द्यावं लागेल. पण ती टेक्निकली बाद केली होती मी."

"तुम्ही केली होती," पायांवरचा चिखल कार्डशीटच्या ओल्या बाजूला पुसत ती म्हणाली. "मी सकाळपासून तिच्यावर बसलेय."