इंडक्शनवरचा बल्लव

पुण्यातल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण कर्वेनगरापासून सदाशिव पेठेपर्यंत तो निष्ठेने पाळला जातो. दुपारी फीस्ट म्हणून मसालेभात आणि मोजून दोन गुलाबजाम वाढायचे आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं मग सातच्या सुमाराला खिसे चाचपत रस्त्यावर येतात. कोणी वडापाव खातो, कोणी भुर्जीच्या गाडीवर उभा राहतो. पण प्रत्येक फ्लॅटमध्ये एक जण असा असतो, की जो पंख्याकडे बघत पडलेला असतो आणि एकदम उठून म्हणतो, "घरीच करू ना काहीतरी. सोपं असतं रे, काही नसतं त्यात."

बल्लव जन्मतो तो इथं.

विराटाच्या घरी भीमाने बल्लव हे नाव घेऊन स्वयंपाक केला तो एकच वर्ष, आणि तोही अज्ञातवासात. या बल्लवाचा मुक्काम तीन-चार वर्षांचा असतो आणि अज्ञात राहणं त्याच्या स्वभावात नसतं. त्याने कांदा चिरायला घेतला की ते खालच्या मजल्यापर्यंत कळतं. हे मी खालच्या मजल्यावर राहूनच सांगतोय. आमच्या डोक्यावरचा फ्लॅट कॉट बेसिसवर दिलेला आहे. मुलं बदलतात, कॉलेजं बदलतात, बल्लव मात्र असतोच. कधी तो लातूरचा असतो, कधी कोल्हापूरचा, मध्ये एक बेळगावचा होता. सध्याचा जळगावकडचा आहे. आजवरच्या सगळ्यांत अस्सल हाच, म्हणून त्याच्याबद्दल.

त्याच्या स्वयंपाकघराला स्वयंपाकघर म्हणायचं ते तिथं सिंक आहे म्हणून. घरमालकांनी गॅस दिलेला नाही. 'पोरं बंद करायला विसरतात' हे त्यांचं म्हणणं. त्याऐवजी एक इंडक्शन आहे. बल्लव पुण्याला निघाला तेव्हा आईने मोठ्या मायेने घरातली ॲल्युमिनियमची कढई बांधून दिली होती. तिच्यात आजीपासून भाज्या झालेल्या. इथं आल्यावर त्याने ती इंडक्शनवर ठेवली, तर यंत्र टूं टूं करून बंद पडलं. पुन्हा ठेवली, पुन्हा टूं टूं. इंडक्शनला ज्याला लोहचुंबक चिकटतं असंच बूड लागतं. ॲल्युमिनियम त्याच्या लेखी भांडंच नाही, मग त्यात तीन पिढ्यांची शेवभाजी शिजलेली असो. बल्लव मेकॅनिकलला आहे, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. त्या कढईत आता कपड्यांचे चिमटे असतात, पण तिच्यावर कोणी पाय ठेवला तर तो चिडतो.

पाककृती येते ती फोनवरून. रात्री आठला, बरोबर आईच्या मालिकेच्या वेळी, फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला जातो. त्यामुळे माझ्यासह निम्म्या इमारतीला खान्देशी स्वयंपाक तोंडपाठ झालाय.

"जेवना का रे भाऊ?"

"करतोय ना. खोबरं किती भाजू?"

"चांगलं भाजजो."

"चांगलं म्हणजे किती?"

"करपायच्या थोडं आधी."

"मसाला किती टाकू?"

"आपली ती वाटी आहे ना, काठाला चेपलेली? ती अर्धीला थोडी कमी."

मागून वडिलांचा आवाज येतो, "तेल सोड म्हणा हात मोकळा करून." मग मावशीला कॉन्फरन्सवर घेतलं जातं. शेव उकळत्या रश्शात टाकायची की ताटात वाढताना, यावर दोघी बहिणींचं जुनं भांडण उकरलं जातं आणि इकडं रस्सा आटतो. व्हिडिओ कॉल केला तर आणखी पंचाईत. तो कढई दाखवत असतो आणि आईचं लक्ष कढईमागच्या भिंतीकडे असतं, "ती कोपऱ्यातली जळमटं काढ आधी."

वाटीचा प्रश्न त्याने फार मनाला लावून घेतला. घरचं सगळं प्रमाण त्या एका चेपलेल्या वाटीवर बेतलेलं. त्याच्या वर्गातल्या एका पुणेकर मुलीने त्याला 'रुचिरा' आणून दिलं होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाट्या-चमच्यांच्या मापात सांगून त्याने कितीतरी नवशिक्यांना स्वयंपाकाला लावलं. बल्लवाने ते परीक्षेसारखं वाचून काढलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि शेवटी निकाल दिला, "पुस्तक भारी आहे. पण आमच्याकडे असं नसतं." मग दिवाळीला गेला तेव्हा सरळ ती वाटीच बॅगेत घालून घेऊन आला. चार दिवसांनी आईचा फोन, "अरे, माझी वाटी कुठं गेली?" याला वाटलं, आता घरी मसाल्याचं माप चुकणार. तर आईला मापाशी काही देणंघेणं नव्हतं. दुधाच्या पातेल्याचं झाकण नीट बसत नाही, त्यावर ठेवायला तिला वाटी लागत होती.

मसाला मात्र घरचाच. तो येतो ट्रॅव्हल्सने. रात्री तिकडे ड्रायव्हरच्या हातात डबा आणि पन्नास रुपये द्यायचे, पहाटे इकडे बल्लवाने संगमवाडीला उभं राहायचं. कॉलेजच्या पहिल्या तासाला जो मुलगा कधी दिसत नाही, तो डब्यासाठी थंडीत पाचला हजर. डबा तीन पिशव्यांत, पिशव्या दोऱ्याने आवळलेल्या, वरून पुन्हा एक पिशवी. तरीही वास आत राहत नाही. दगडफूल, लवंग, भाजलेलं खोबरं. एकदा घाईत तो तसाच कॉलेजला गेला आणि दिवसभर मसाला बॅगेत जर्नलशेजारी राहिला. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जर्नल उघडलं, दोन मिनिटं एकाही आकृतीकडे न बघता बसले आणि विचारलं, "कुठले तुम्ही?" ते मूळचे अमळनेरचे निघाले. पुढची पंधरा मिनिटं कळण्याच्या भाकरीवर चर्चा झाली. बाकीच्या मुलांचं असं म्हणणं आहे की थर्मोडायनॅमिक्समध्ये इतके मार्क कधी कुणाला पडले नव्हते.

फ्लॅटवर कोणाला नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात. 'नांदेड', 'सांगली', 'सोलापूर' आणि हा. सांगलीच्या मते रश्शाला रंग पाहिजे, सोलापूरच्या मते शेंगदाण्याची चटणी घातली की कुठलीही चूक झाकली जाते, आणि नांदेडचं मत कोणी विचारत नाही, कारण तो भांडी घासतो. जो करतो त्याने घासायचं नाही, हा बल्लवाने केलेला कायदा आहे. सामानासाठी कॉन्ट्री काढली जाते. हिशोब त्याच्याकडे, त्यामुळे दर महिन्याला तोटाही त्याच्याकडे. कोथिंबिरीचे पैसे मागायला त्याला लाज वाटते.

वाढून झालं की तो स्वतः लगेच जेवत नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो आणि पहिला घास घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. त्याने काही म्हणायच्या आतच हा म्हणतो, "आज मसाला नाही जमला तेवढा." आता यावर 'हो, नाही जमला' असं म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी भुर्जीची गाडी गाठावी लागते. योग्य उत्तर आहे, "काय बोलतो! घरी गेल्यासारखं वाटलं." मग हा खाली मान घालून म्हणतो, "तसं नाही रे. आईच्या हातचं वेगळंच." आणि दुसऱ्यांदा वाढायला सुरुवात करतो. नको म्हणायची सोय नसते.

थंडी पडली की मात्र हा मुलगा हाताबाहेर जातो. कारण वांगी येतात. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते जणू याच्या घरच्या अंगणाला मिळालं अशा थाटात तो सांगतो. पुण्याच्या मंडईतलं जांभळं वांगं त्याला दाखवलं तर तो तोंड फिरवतो. त्याला बामणोदकडचं हवं. हिरवट-पांढरं, लांबट, हाताला भरदार लागणारं, आत बी अगदी कमी. ते शेतात कपाशीच्या वाळल्या काट्यांच्या जाळावर भाजायचं, मग हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायचं, वर तेलात परतलेली कांद्याची पात. आता कर्वेनगरात कपाशी कुठली? आणि इंडक्शनवर तर वांगं भाजताच येत नाही. जाळच नाही तर भाजणार कशाने? त्याने एकदा तव्यावर प्रयत्न केला. ते उकडलेलं वांगं त्याने स्वतः खाल्लं, पण कुणाला दिलं नाही.

तोडगा निघाला तो इमारतीच्या फाटकाशी. तिथं आमचा इस्त्रीवाला बसतो. अजून कोळशाची इस्त्री वापरतो. सकाळी सातला त्याची शेगडी फुललेली असते. बल्लवाने त्याच्याशी काय बोलणी केली देव जाणे, पण एका शनिवारी मी दूध आणायला उतरलो तर शेगडीवर चार वांगी पहुडलेली आणि इस्त्रीवाला चिमट्याने त्यांची कूस बदलतोय. शेजारी दांडीवर माझा पांढरा शर्ट. तो शर्ट घालून मी संध्याकाळी भाचीच्या साखरपुड्याला गेलो. मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, जेवणात भरीत आहे का म्हणून. वर जाऊन त्याला चांगलं सुनवायचं असं ठरवून मी त्या रात्री जिना चढलो. दार उघडताच त्याने "काका, बरं झालं आलात" म्हणून हातात ताटली दिली. भरीत, पुरी, वर तेलाची धार. भांडण राहून गेलं. त्या भरितावर बोलायचं तर एवढंच सांगतो, की शर्टाबद्दल मी आजतागायत बोललेलो नाही.

कॉलेजात त्याची ओळख अभ्यासाने झालेली नाही आणि क्रिकेटनेही नाही. कॅन्टीनच्या कट्ट्यावर त्याचा डबा उघडतो आणि सात पोरं सात दिशांनी येतात, हीच त्याची ओळख. अभिनय त्याला येत नाही, पण पुरुषोत्तम करंडकाच्या टीममध्ये तो दोन वर्षं आहे. ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि तेव्हापासून पावसाळ्यात पुण्यातली कॉलेजं रात्र-रात्र तालमी करतात. तालमीत लेखक दिग्दर्शकावर चिडतो, दिग्दर्शक नायिकेवर, नायिका लाइटवाल्यावर. अशा वेळी बल्लव स्टीलच्या डब्यातून फौजदारी डाळ घेऊन पोचतो. नाव ऐकून सांगलीने पहिल्यांदा विचारलं होतं, जामीन मिळतो का. डाळ-भात पोटात गेल्यावर लेखकाला दिग्दर्शकाचं पटायला लागतं. भरत नाट्य मंदिरात प्रयोग झाला तेव्हा पडदा पडेपर्यंत हा विंगेत उभा होता. श्रेयनामावलीत त्याचं नाव 'विशेष आभार'मध्ये, शेवटून दुसरं. त्याने तो कागद आईला पाठवला. आईने विचारलं, "इतक्या लोकांना पुरली का डाळ?"

राहता राहिली ती 'रुचिरा'वाली मुलगी. तिच्या घरची आमटी गोडसर, चिंच-गुळाची. भाजीत गूळ घालणाऱ्यांबद्दल बल्लवाची मतं पूर्वी इतकी कडक होती, की ती इथं छापता येणार नाहीत. परवा तिने डब्यात तीच आमटी आणली. त्याने खाल्ली, पुन्हा घेतली आणि म्हणाला, "छान आहे. वेगळं आहे." फ्लॅटवर त्या रात्री दुसरं काही बोलणंच झालं नाही. सोलापूरने जाहीर केलं, की आता लग्नच.

सबमिशनच्या आदल्या रात्री तर त्याला हमखास पातोड्या करायची हुक्की येते. दीड वाजता बेसन घाटण्याचा आवाज वरून येतो. ड्रॉइंगशीट कोऱ्या असतात, नांदेड काकुळतीला आलेला असतो, आणि हा वड्या कापताना म्हणतो, "डोकं शांत पाहिजे ना आधी." पहाटे चारला सगळे पातोड्यांचा रस्सा ओरपून शीट काढायला बसतात. अंड्यांचा उद्योगही रात्रीच. घरमालकांना चालत नाहीत, म्हणून टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर कोथिंबिरीच्या काड्या पसरून खाली जातात. मालकांना हे सगळं माहीत आहे. त्यांनाही भरताची ताटली जाते.

सुट्टीत घरी गेल्यावर मात्र हाच मुलगा पाण्याचा पेलाही उचलत नाही. सोफ्यावर आडवा होऊन ताट मागतो. गेल्या खेपेला पहिला घास घेऊन आईला म्हणाला, "खोबरं जरा कमी भाजलं गेलंय का?" घरात कोणी काही बोललं नाही. वडिलांनी पेपर वर धरला. संध्याकाळी आईने सुरी आणि कांदे त्याच्यासमोर आणून ठेवले आणि मालिका लावली.

घरमालक वाचत असतील तर त्यांना एक विनंती आहे. अंडी, पाहुणे, रात्री दहानंतरचा आवाज, याबद्दल घालायच्या तेवढ्या अटी घाला. फक्त अकरा महिन्यांच्या करारात एक ओळ वाढवा आणि वरच्या फ्लॅटला गॅसची शेगडी द्या. इंडक्शनवर वांगं भाजता येत नाही, आणि इस्त्रीवाल्याने या महिन्यापासून दर वाढवलाय. शर्टांचा नाही, वांग्यांचा.