वसुलीचे नाना

मराठवाड्यातील प्रत्येक मोठ्या गोतावळ्यात एक तरी असा पुरुष असतो, की ज्याच्या संमतीवाचून एखादे वेळी घरातले लग्न ठरून जाईल, वाटणीपत्रावर सह्या होतील, परंतु घराची सहल काही केल्या निघणार नाही. हा पुरुष बहुधा महसूल खात्यात असतो. नोकरीने नसला तर वृत्तीने असतोच असतो. सदऱ्याच्या वरच्या खिशात लाल पुठ्ठ्याची वही, तिला रबराचा वेढा आणि त्या वेढ्यात खोवलेले पेन्सिलीचे बोटभर थोटूक ही त्याची राजचिन्हे. गाड्यांच्या वेळा, धर्मशाळांचे दर आणि कोणत्या गावी आपली कोणती सोयरीक मुक्कामास पडण्याजोगी आहे हा तपशील त्याला मुखोद्गत असतो. आणि आनंद ही वस्तू पावती फाडल्याखेरीज आपल्या कबजात आली, असे तो मानीत नाही. आमच्या घरी या पदावर नाना होते.

नाना हे माझ्या वडिलांचे थोरले बंधू आणि नांदेडास अव्वल कारकून. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते. आणि १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी आमच्या माजघरातून दप्तराची ती फारशी भाषा काही हलली नाही. घरातले तूप संपले असे नाना कधी म्हणाले नाहीत. तूप 'बेबाक' होई. एखादे पोर तापाने फणफणून अंथरुणात पडले, तर ते पंगतीला 'गैरहजर' असे, आणि दुसऱ्या दिवशी ते दहीभात मागू लागले म्हणजे 'रुजू' होई. आम्हां मुलांना या भाषेचे काही वाटत नसे, कारण सगळ्याच घरांत अशी बोलतात, अशी आमची भाबडी समजूत होती.

तोवर प्रवास म्हणजे माहूरची रेणुका, औंढ्याचा नागनाथ, नाही तर मार्गशीर्षातली माळेगावची खंडोबाची जत्रा, एवढाच आमचा भूगोल. माळेगावी घोडे, उंट आणि गाढवे यांचा बाजार पाहून झाला, की नाना आम्हांला रहाटपाळण्यापाशी नेत आणि तेथे एक अत्यंत न्याय्य शिरस्ता पाळीत: ज्याला बसायचे त्याचे पैसे द्यायचे, ज्याला भीती वाटते त्याचे वाचवायचे, आणि वाचलेल्या पैशांची गोडीशेव घेऊन ती बसणाऱ्या व न बसणाऱ्या अशा उभयतांत समसमान वाटायची. या व्यवस्थेत भित्र्या मनुष्याला मान होता. किंबहुना तो कुटुंबाचा हितकर्ताच गणला जाई. पुढे जो अनर्थ ओढवला, तो ही व्यवस्था अकस्मात उलटीपालटी झाल्यामुळे ओढवला, हे मला फार उशिरा कळले.

२००० सालच्या जुलैत ई टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली आणि मराठी बातम्या सांगणारी माणसे मुंबईपुण्यास नव्हे, तर हैदराबादेजवळ रामोजी फिल्म सिटीत बसतात, ही वार्ता आमच्या गल्लीत पसरली. हैदराबाद आम्हांला परके कधीच नव्हते. आजोबांच्या लेखी तेच सदर ठिकाण, मुंबई ही नंतरची सोयरीक. 'ईनाडू' दैनिक काढणाऱ्या रामोजी रावांना आमच्या घरातल्या बायका मात्र 'प्रिया' लोणच्याच्या बरणीवरून ओळखीत, आणि लोणचे घालणाऱ्या मनुष्याने १९९६ मध्ये सिनेमाचे अख्खे गाव वसवावे, याचा त्यांना अचंब्यापेक्षा अभिमानच अधिक वाटे. त्या दिवाळीत भाऊबीजेला लातूरची आत्या आली, तेव्हा नानांनी ओवाळणीच्या ताटात साडी न ठेवता वहीतला एक कागद घडी करून ठेवला. त्यावर सहलीची तजवीज लिहिलेली होती: एकूण माणसे तेरा, वाहन ट्रॅक्स, मुक्काम काचीगुड्यास दूरच्या मावसभावाकडे, आणि खाली सही. आत्याने कागद वाचला, डोळ्याला पदर लावला आणि विचारले, "आन साडी?"

प्रस्थान पहाटे चारला ठरले होते, म्हणून आम्ही साडेसहाला निघालो. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा यांचे डबे मधोमध, त्यांच्याभोवती माणसे, अशी ट्रॅक्सची भरती झाली; पुढची बैठक मात्र आत्याच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, कारण ते घरचे जावई, आणि जावई हा महसुलाच्या कोणत्याच कायद्याच्या कक्षेत येत नाही. दाजींची लातूरला गंजगोलाईच्या अंगाला आडत होती. जेथे सोळा रस्ते येऊन मिळतात अशा बाजारात जन्म काढल्यामुळे कोणत्याही एका रस्त्याविषयी आग्रह धरण्याची सवय त्यांना नव्हती. नाना नरसी, देगलूर, मदनूर, पिटलम, संगारेड्डी ही गावे जपासारखी म्हणत होते, प्रत्येक गावी गाडी थांबवून बारा शिरांची मोजदाद करीत होते (तेरावे स्वतःचे मोजण्यास ते हरघडी विसरत आणि दोन मिनिटे घरात हाहाकार उडे), तर दाजी पान लावीत म्हणत होते, "चालू द्या. गाव काय पळून जायलालंय का?"

दुसऱ्या दिवशी विजयवाड्याच्या रस्त्याला शहर मागे टाकून आम्ही त्या महाद्वारापाशी पोचलो. ही जागा केवढी असेल, असे दाजींनी सहज विचारले. गिनीज बुकात तिची नोंद १,६६६ एकर अशी आहे; नानांच्या हिशेबाने ६६,६४० गुंठे. हा आकडा त्यांच्याजवळ तेव्हा नव्हता, पण नुसती कुंपणाची लांबी पाहूनच त्यांचा चेहरा गंभीर झाला, आणि पुढली दहा मिनिटे ते या जमिनीचा आकार किती बसत असेल, पूर्वी ती जिरायत होती की गायरान, आणि अकृषिकचा हुकूम कोणाच्या सहीने निघाला असेल, याविषयी ट्रॅक्सच्या चालकाची जबानी घेत राहिले. तो बिचारा देगलूरचा होता.

मग नाना तिकिटे काढून आले, आणि त्यांच्या मुद्रेवर मी पूर्वी कधी न पाहिलेला असा काही भाव होता. एकदा दार ओलांडले की आतली गाडी, आतले खेळ, मुलांचे पाळणे यांतल्या बहुतेकांना निराळा दाम नाही, हे त्यांना खिडकीवर कळले होते. सामान्य मनुष्य हे ऐकून सुखावेल. नाना हादरले. माळेगावचा न्याय येथे लागू नव्हता. येथे पैसे आधी गेले होते, आणि जो जो पाळण्यात बसणार नाही तो तो आता सरकारी थकबाकीदार होता. तेथल्या तेथे एका दगडावर बसून त्यांनी वहीत रकाने पाडले: उभ्यात तेरा नावे, आडव्यात खेळ, आणि प्रत्येक चौकोनात भरावयाचे शेरे तीन, 'अदा', 'बाकी' आणि 'तहकूब'.

त्यानंतरचा दिवस हा करमणुकीचा नव्हे, वसुलीचा होता. नाना रांगेच्या तोंडाशी उभे राहून नावे पुकारीत, खाली उतरणाऱ्याला "झालं का? पुरं झालं का? मधीच थांबिवलं तर न्हाई?" असे विचारीत आणि पेन्सिलीचे थोटूक जिभेला लावून 'अदा' लिहीत. लातूर पॅटर्नात बारावीचा अभ्यास करणारा आमचा आतेभाऊ पदार्थविज्ञानाचे पुस्तक काखेत घेऊनच आला होता. त्याने सूट मागितली, तेव्हा नानांनी त्याला पुस्तकासकट पाळण्यात बसवले आणि केंद्राभिसारी बल प्रत्यक्ष पाहून ये म्हणून सांगितले. आमच्या धाकट्या काकूंचा चिमुकला खांद्यावर झोपी गेला, तेव्हा त्याच्या नावच्या तीन पाळ्या वारसाहक्काने माझ्याकडे फेरफार करण्यात आल्या. गोल गरगर फिरणाऱ्या त्या यंत्रात मी लागोपाठ चार वेळा बसलो. पहिल्या खेपेचा आनंद अनिर्वचनीय होता, दुसऱ्या खेपेस मला आई दोन दिसू लागल्या, आणि चौथ्या खेपेनंतर सकाळचे धपाटे मी एका सुबक हिरवळीच्या कडेस परत केले. नानांनी माझी पाठ चोळली, तोंडावर पाणी मारले, आणि माझ्या रकान्यात बारीक अक्षरांत 'परतावा' असे लिहिले.

दाजी मात्र एका झाडाखाली निवांत बसले होते. नाना त्यांना हुकूम करू शकत नव्हते, अर्ज करू शकत होते.

"दाजी, दोन तरी घ्या. पैसे भरलेत ना आपण."

"नाना, पोतं उचललं की चार दाणे खाली सांडतेतच. समदे येचत बसलं तर आडत कधी करावं? सांडू द्या की."

नानांनी 'सांडू द्या' हा शेरा कोणत्या सदराखाली घालावा, याचा पुष्कळ विचार केला आणि अखेर तो चौकोन कोरा ठेवला. माझ्या आठवणीतला त्यांच्या दप्तरातला तो एकमेव कोरा चौकोन.

तथापि खरी थकबाकी आत्याची होती, आणि ती सक्तीने वसूल होण्यासारखी नव्हती. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आत्या लातुरात गणपती बोळवून नुकतीच आडवी झाली होती. त्या रात्री घराच्या भिंती तगल्या, पण तेव्हापासून जे जे हलते त्याच्यावरचा तिचा विश्वास कायमचा उडाला. प्रत्येक पाळण्यापाशी ती येई, हात जोडी आणि म्हणे, "नको माय. एकदा हललेली बघितलंय मी. पुरं झालं." नाना काही बोलत नसत. तिच्या ओळीत ते 'तहकूब' लिहीत, पुढच्या चौकोनात पुन्हा 'तहकूब' लिहीत, आणि पेन्सिलीचा दाब दर खेपेस थोडा कमी होत जाई. ही सगळी यात्रा तिची ओवाळणी होती, हे आम्ही मुले विसरलो होतो. ते विसरले नव्हते.

दुपारनंतर आम्ही सिनेमाच्या खोट्या गावातून फिरलो, आणि तेथे नानांना काहीसा विसावा मिळाला. विलायती गल्लीतल्या एका देखण्या घराच्या मागे जाऊन त्यांनी नुसता गिलावा आणि टेकू पाहिले व 'मौजे कागदोपत्री' असा अभिप्राय दिला. एकच इमारत एका अंगाने इस्पितळ, दुसऱ्या अंगाने ग्रंथालय आणि तिसऱ्या अंगाने आणखी काही दिसते, हे पाहून सगळे थक्क झाले. नाना झाले नाहीत, कारण एकाच खोलीत चार खाती आणि एकच शिपाई ही स्थिती त्यांनी अनेक वर्षे अनुभवली होती. देवळापाशी त्यांनी सवयीने वहाणा काढल्या, गाभाऱ्यात डोकावले, तो आत मूर्ती नाही. कथानकाला लागेल तो देव येथे तात्पुरता आणून बसवतात, असे कळले. नाना क्षणभर घोटाळले, मग त्यांनी रिकाम्या जागेला नमस्कार केला आणि आम्हांला दबल्या आवाजात समजावले, "जागा मंजूर आहे. देव अजून रुजू व्हायचेत." पैसा मात्र त्यांनी टाकला नाही, रुजू झाल्याखेरीज वेतन नाही.

आणि मग ते विमानतळाचे दालन आले. त्यात चित्रीकरणासाठी केलेला विमानाचा अंतर्भाग होता: दोन्ही बाजूंस आसनांच्या ओळी, वाटोळ्या खिडक्या, वर सामानाचे कप्पे. आमच्यापैकी कोणीही तोवर विमान जमिनीवर उभे असलेलेसुद्धा पाहिले नव्हते. आत्या दाराशी थबकली.

"नाना, हे हलतंय का?"

"न्हाई बाई. ह्याला चाकंच न्हाईत."

"खरंच न्हाई ना?"

नाना आत गेले, दोन्ही पाय रोवून त्यांनी आतल्या जमिनीवर तीन वेळा जोराने उडी मारली आणि परत येऊन ते म्हणाले, "पाहणी केली. पक्कं आहे."

आत्या आत शिरली. खिडकीजवळचे आसन तिने पदराने पुसले आणि ती बसली. शेजारी नाना बसले, मांडीवर तेरा जणांच्या पिशव्या घेऊन. मागून येणारे लोक खोळंबले होते, दाजी बाहेरून हसत होते, आणि ही दोघे भावंडे त्या वाटोळ्या खिडकीतून बाहेरच्या रंगवलेल्या भिंतीकडे असे काही एकाग्रतेने पाहत होती, की मलाही वाटले, खाली कुठेतरी गोदावरी दिसत असावी. उतरताना आत्याने दाराच्या चौकटीला हात लावून तो कपाळाशी नेला. नानांनी वही काढली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच पेन्सिल जिभेला न लावता लिहिले.

लातूरला परतल्यावर भावाने आपल्याला विमानात बसवले, असे आत्याने गल्लीत सांगितले. त्यात खोटे काही नव्हते, आणि विमान कोठे गेले, असे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही.

पुढे २००८ मध्ये शिखांच्या गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नांदेडचा कायापालट झाला आणि शहराच्या विमानतळाचे नूतनीकरण झाले. २०१७ च्या २७ एप्रिलला तर 'उडान' योजनेखाली नांदेडाहून थेट हैदराबादेस विमान जाऊ लागले. योजनेतल्या जागांना तासाभराच्या उड्डाणासाठी २,५०० रुपयांची मर्यादा होती, आणि मी तेव्हा मिळवता झालो होतो. म्हणून त्या दिवाळीत, आत्या भाऊबीजेस आली असता, मी ती आणि नाना अशा दोघांनाही विमानाने हैदराबादेस नेण्याचा प्रस्ताव मांडला. दाजी बंगईवर बसून पान लावीत होते. ते ताबडतोब 'चला की' म्हणाले. आत्या मात्र हसली आणि म्हणाली, "मी बसलेय की रे विमानात. नानानं बसिवलंय."

मी नानांकडे पाहिले. सेवानिवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे लोटली होती, ऐकूही जरा कमी येई. ते काही न बोलता उठले, आतल्या लोखंडी कपाटाची कडी वाजली, आणि लाल पुठ्ठ्याची ती वही घेऊन ते बाहेर आले. रबराचा वेढा केव्हाच कुजला होता. त्याच्या जागी सुतळी होती. चष्मा पुसून त्यांनी पान काढले आणि आत्याच्या ओळीवरून बोट फिरवत नेले: तहकूब, तहकूब, तहकूब, आणि शेवटच्या चौकोनात, 'विमान' या मथळ्याखाली, ठळक अक्षरांत, 'अदा'.

"हे बघ," ते मला म्हणाले, "एकदा अदा झालेली बाब पुन्हा खर्ची टाकता येत न्हाई. तपासणीत आक्षेप निघतो."