उन्हाळी खेळाचा हिवाळी भक्त

कॅनडाच्या संसदेनं १९९४ साली कायदाच करून टाकला : हिवाळ्यातला राष्ट्रीय खेळ आइस हॉकी, उन्हाळ्यातला लॅक्रॉस. आता या उन्हाळी राष्ट्रीय खेळाची जी मोठी व्यावसायिक लीग आहे, तिचा मुख्य हंगाम असतो साधारण डिसेंबर ते एप्रिल. बाहेर उणे पंधरा तापमान असताना. असं का, हे कुणी विचारलं तर लॅक्रॉसकाका अर्धा तास सांगू शकतात. पण कुणी विचारत नाही, आणि तेच त्यांचं दुखणं आहे.

लॅक्रॉसकाका ही एक व्यक्ती नव्हे. टोरंटोजवळ मिसिसागा, ओकव्हिल, हॅमिल्टन या पट्ट्यात मराठी मंडळींचा घोळका जमला की त्यात असा एखादा निघतो. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेत नाहीतर आयटीत. मुलांना हौसेनं हॉकीला घातलेलं असतं आणि मुलांनी ती केव्हाच सोडलेली असते. मग ऑफिसातला कुणीतरी उरलेलं तिकीट हातात कोंबतो, काका ‘फुकट आहे तर बघू’ म्हणून जातात, आणि तीन तासांनी जो माणूस घरी परततो त्याच्या अंगावर टोरंटो रॉक या लॅक्रॉस संघाची जर्सी असते. जर्सी मात्र फुकट मिळालेली नसते. हे काकूंना पुढच्या महिन्यात क्रेडिट कार्डाच्या बिलावरून कळतं.

खेळ बघण्यापेक्षा तो समजावून सांगण्यात त्यांचं आयुष्य जास्त गेलं आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांच्या मागोमाग आलेले नवरे कोपऱ्यात तिळगूळ खात बसले, की काकांना श्रोते मिळतात. हॉकीच्या रिंगणावरच हिरवं गवतासारखं जाजम अंथरतात. दोन्हीकडे गोली धरून सहा-सहा माणसं. काठीच्या टोकाला जाळी, तिच्यात घट्ट रबरी चेंडू. चेंडू हाती आला की तीस सेकंदांच्या आत गोलवर मारायचा, नाहीतर समोरच्याच्या हवाली करायचा. “तीस सेकंद!” काका बोट उंचावतात, “तुमच्या क्रिकेटमध्ये तेवढ्यात बॉलर नुसता घाम पुसतो.” काकूंची व्याख्या याहून आटोपशीर आहे : “गाळण्या घेऊन मारामारी करतात हो.” मारामारीबद्दल त्या चुकीचं बोलत नाहीत. हातघाईवर आलेल्या दोघांना पंच पाच-पाच मिनिटं बाहेर बसवतात, आणि ती पाच मिनिटं काका, जे मंडळाच्या सभेत आवाज चढला तरी पाणी प्यायला उठून जातात, ते खुर्चीवर उभे असतात.

एरवी काका कानाला जपणारे. मुलाच्या गाडीत बसले की आधी रेडिओ बंद करतात. इथे मात्र खेळ चालू असतानाही गाणी धडधडत असतात, निवेदक मधूनमधून ओरडत असतो, आणि दहा-बारा गोल तर प्रत्येक बाजूला सहज होतात. काका प्रत्येक गोलला उठतात. गुडघ्याचे डॉक्टर जिने टाळा म्हणाले होते. उठाबशांबद्दल काही बोलले नव्हते.

त्यांना सर्वांत भावतो तो खेळाडूंचा संसार. या लीगमधल्या पैशात घर चालत नाही, म्हणून यातले पुष्कळजण आठवडाभर नोकरी करतात. कुणी शाळेत शिकवतो, कुणी अग्निशमन दलात असतो. शुक्रवारी विमानात बसायचं, शनिवारी बरगड्या शेकून घ्यायच्या आणि सोमवारी वर्गात हजेरी घ्यायची. काका हे सांगताना हळवे होतात. “कोटींत खेळणाऱ्यांवर कुणीही प्रेम करेल,” म्हणतात. तो टोरंटोच्याच हॉकी संघाला, मेपल लीफ्सना मारलेला टोमणा असतो. लीफ्सनी १९६७ नंतर स्टॅन्ली कप उचललेला नाही. रॉकनं १९९९ ते २०११ या काळात सहा विजेतेपदं मिळवली. हा आकडा काका दर भेटीत सांगतात. २०११ नंतर काय झालं हे आपण विचारायचं नसतं.

तरी सांगतो. बफलो झालं. नायगाऱ्याच्या पलीकडचं, पुलावरून दिसणारं अमेरिकन शहर. तिथल्या बँडिट्स संघानं २०२२, २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ तीन वर्षं टोरंटोला अंतिम फेरीच्या दारातून परत पाठवलं. जखमेवर आणखी मीठ असं, की बँडिट्सचा प्रशिक्षक जॉन टावारेस हा इकडचाच. खेळाडू म्हणून त्यानं लीगमध्ये ८१५ गोल केले, तेही सगळे बफलोसाठी, आणि पोटापाण्याला मिसिसागाच्या शाळेत गणित शिकवायचा. “आपल्या गावचा गणिताचा मास्तर,” काका म्हणतात, “आपल्याच पोरांना बेरीज शिकवायची आणि आपलीच वजाबाकी करायची!” या वाक्यावर त्यांनी मेहनत घेतलेली आहे, ते हसून घ्यावं.

बफलोच्या सामन्याला एकदा तरी जायचंच, असा काकांचा वार्षिक नेम. गाडीत चौघं लागतात, म्हणून काका दोन आठवडे आधीपासून ‘वाटेत आउटलेट मॉल आहे’ असं सांगत फिरतात. सीमेवरच्या पीस ब्रिजवर अमेरिकन अधिकारी विचारतो, कशाला चाललात? चार मराठी माणसं, मागच्या सीटवर चकलीचा डबा, आणि उत्तर : लॅक्रॉस. अधिकारी दोनदा पासपोर्ट बघतो.

पुलावरच्या रांगेत मात्र काका एक गोष्ट गंभीरपणे सांगतात. हा खेळ मुळात इथल्या आदिवासींचा. हॉडेनोशोनी लोक, ज्यांना पूर्वी इरोक्वॉय म्हणत, त्याला देवानं दिलेला खेळ मानतात; आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही तो खेळला जातो. हिकरीच्या लाकडाची काठी अजूनही घडवली जाते. हॉडेनोशोनींचा स्वतःचा राष्ट्रीय संघ आहे. २०१० साली मँचेस्टरला जागतिक स्पर्धा होती, तर हा संघ स्वतःच्या हॉडेनोशोनी पासपोर्टवर निघाला, ब्रिटननं तो पासपोर्ट मानला नाही, आणि ज्यांनी खेळ जगाला दिला तेच स्पर्धेबाहेर राहिले. दुसरा पासपोर्ट त्यांना मिळत होता. त्यांनी तो घेतला नाही. काका स्वतः व्हिसाच्या रांगांत तारुण्य घालवलेले गृहस्थ. एवढं सांगून झालं की पूल ओलांडेपर्यंत ते गप्प असतात, आणि मग बफलोच्या पार्किंगचे दर बघून पुन्हा मूळपदावर येतात.

त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस उगवला तो मुंबईत, आणि काका नेमके मिसिसागात होते. ऑक्टोबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना एका ठरावात मंजुरी मिळाली. घराघरांत आणि व्हॉट्सअॅपच्या गटागटांत क्रिकेटचा जल्लोष झाला. त्याच ठरावात लॅक्रॉस होता. पुण्याच्या धाकट्या भावानं फोन केला, “दादा, क्रिकेट आलं ऑलिंपिकमध्ये!” काका म्हणाले, “क्रिकेट १९०० सालानंतर दिसलं नव्हतं. आमचा खेळ १९०४ आणि १९०८ दोन्ही वेळा होता, दोन्ही सुवर्णपदकं कॅनडाची.” भाऊ म्हणाला, “आमचा म्हणजे कुणाचा?” काकांनी फोन काकूंच्या हाती दिला.

रॉकचा संघ टोरंटोहून २०२१मध्ये हॅमिल्टनला गेला. तिथल्या स्टेडियमचं नूतनीकरण निघालं तेव्हा २०२४-२५च्या हंगामासाठी थेट मिसिसागात आला. टोरंटोचे चाहते कुरकुरले. मिसिसागाच्या काकांनी मात्र पेढे वाटले. दत्तजयंती जवळ असल्यानं लोकांनी ते प्रसाद म्हणून घेतले आणि पाया पडले.

काकूंची समजूत अशी होती की मेमध्ये बाद फेऱ्याही संपल्या की नवरा घरात परत मिळतो. पण मग खुद्द उन्हाळ्यातला लॅक्रॉस सुरू होतो, गावोगावच्या संघांचा. त्याचा शेवट सप्टेंबरात मान कपनं : एका वर्षी ऑन्टारियोत, दुसऱ्या वर्षी पार पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात. कप सोन्याचा आहे, हे काकूंना आवर्जून सांगण्यात आलं आहे. “असेल, पण आपल्या घरी काय येतं? पार्किंगची पावती,” त्या म्हणतात.

गणपती आणि मान कप साधारण एकाच सुमारास येतात. गेल्या खेपेला मंडळाच्या बैठकीत महाआरतीची वेळ ठरत नव्हती. कुणी सात म्हणे, कुणी आठ. काका एरवी ‘पाचला उरका’ म्हणून भांडतात, हे सगळ्यांना ठाऊक. अध्यक्षांनी आधीच कपाळाला हात लावला होता. पण काका प्रसन्न होते.

“नऊ करा, साडेनऊ करा,” ते म्हणाले. “मंत्रपुष्पांजलीही सावकाश म्हणू. यंदा मान कप पश्चिमेला आहे. आपल्या घड्याळानं सामना दहानंतरच सुरू होतो.”